होडीची भेग कोण उघडतं?

"हळू! दादा, हळू! अरे, दोर हळू आवळ म्हणते ना मी!"

"हळूच आवळतोय! तू तिकडचं टोक धर, सल्ले नको देऊस!"

"मी सांगू का? फळीवर कोमट पाणी शिंपडलं ना, तर ती..."

"रेडिओ, तू बंद हो!" दादा आणि मुंगी एकदम ओरडली.

आणि तेवढ्यात, कडाड्!

सगळे जागच्या जागी थिजले. होडीच्या नाकाजवळ, जिथे फळी सगळ्यांत जास्त वाकली होती, तिथे वरच्या कडेपासून खाली वीतभर लांब भेग पडली होती. वाकडीतिकडी, आणि कडांना लाकडाची कुसळं निघालेली.

"मी काही केलं नाही!" शेपूट घाईघाईने म्हणाला.

खरंच त्याने काही केलं नव्हतं. तो आठ वर्षांचा होता आणि त्याला फक्त खिळ्यांचा डबा धरायला सांगितलं होतं. शेपूट मामांचा मुलगा. सगळ्यांच्या मागे मागे फिरायचा, म्हणून शेपूट. दादा आणि मुंगी ही सख्खी भावंडं सुट्टीला मामांकडे आली होती. बारा वर्षांची मुंगी दिसायला एवढीशी, पण एकदा काम हातात घेतलं की सोडायची नाही. रेडिओ शेजारच्या घरातला. त्याचं नाव तसं का पडलं, ते त्याच्याजवळ दोन मिनिटं बसलं की कळायचं.

मामा सुतार होते. घरामागे पत्र्याचं छप्पर घातलेला त्यांचा मोठा कारखाना होता. तिथे बिनदारांची कपाटं तोंड वासून उभी असायची आणि जमिनीवर भुशाची गादी असायची. कारखान्याचा एक कोपरा मामांनी मुलांना दिला होता. "प्लायवुडच्या तीन फळ्या देतो. त्यात होडी झाली तर झाली. चौथी फळी मागायची नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी होडी तळ्यात उतरवायची, असं ठरलं होतं. त्याला आता तेरा दिवस उरले होते.

आवाज ऐकून मामा आले. रागावले की ते आवाज चढवत नसत. कानामागची पेन्सिल काढून परत कानामागे ठेवत. आत्ता त्यांनी ती दोनदा काढून ठेवली.

"गेली फळी," ते म्हणाले.

"चिकटवता येईल, मामा!" मुंगी म्हणाली. "होडीचा तो दोन डब्यांचा गोंद आहे ना, पाण्यात न सुटणारा? तो भेगेत भरायचा आणि दोन्ही बाजूंनी दाबून ठेवायचं. डब्यावर सगळं लिहिलंय. पूर्ण धरायला चोवीस तास, गार हवेत त्याहून..."

"डब्यावर काय वाट्टेल ते लिहितात!" मामांचा फोन वाजला. "चिकटवा, चिकटवा. चार क्लॅम्प घ्या माझे. पण मला परत धड मिळाले पाहिजेत!" आणि बोलत बोलत ते बाहेर गेले.

मग काम सुरू झालं. मामींच्या हुकमाप्रमाणे आधी खिडक्या उघडल्या गेल्या आणि सगळ्यांनी हातमोजे घातले. शेपटाला दोन पावलं लांब उभं केलं गेलं. दादाने फळी किंचित वाकवून भेग उघडी धरली. मुंगीने दोन्ही डब्यांतला गोंद मापाने घेऊन पाच मिनिटं घोटला. मधासारखा रंग आला, तसा पातळ पात्याने तो भेगेत आतपर्यंत सारला. दादाने फळी सोडली. बाहेर आलेला गोंद तिने पुसून घेतला. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर आतून-बाहेरून लाकडाचे सपाट ठोकळे आणि मग लोखंडी जबड्यांचे चार क्लॅम्प करकचून आवळले. भेग कुठे होती ते शोधावं लागेल, अशी मिटली!

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत कोणी हात लावायचा नाही," मुंगीने जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला दादाने क्लॅम्प सोडले. एक, दोन, तीन... चौथा सुटला आणि फळीने हळूच तोंड उघडलं. चर्रर्र!

सगळे भेगेवर वाकले. रेडिओसुद्धा.

मामा हातातला रंधा ठेवून आले. भेगेवरून बोट फिरवत म्हणाले, "गोंद कोणी मिसळला होता?"

सगळ्यांच्या नजरा मुंगीकडे वळल्या.

"माप चुकलं असणार. अर्धवट लक्ष देऊन कामं होत नाहीत, बाळ."

मुंगीचे कान तापले. तिने माप तीनदा बघितलं होतं! भेगेतला जुना गोंद खरवडून तिने त्याच संध्याकाळी पुन्हा सुरुवात केली. या वेळी मामींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि गोंद ग्रॅममध्ये मोजला. वाटीत उरलेला गोंद एका डब्याच्या झाकणात ओतला आणि झाकणावर लिहिलं, मंगळवार, संध्याकाळी सहा.

बुधवारी संध्याकाळी क्लॅम्प सुटले. फळीने पुन्हा आ केला!

"वा!" दारातून आवाज आला. पॉलिशवाले काका कपाटांना पॉलिश करायला यायचे आणि दर वेळी होडीजवळ थांबून काहीतरी शेरा मारायचे. "ही होडी नाही, चाळण आहे चाळण! तळ्यातले मासे खूश होतील, घरबसल्या पोहायला नवी जागा!"

मामा मात्र हसले नाहीत. "हे बघा, सोमवारी मला कपाटं पोचवायचीत आणि त्यांच्या पाठींना प्लायवुड कमी पडतंय. शनिवारी संध्याकाळी सहाला मी पाठी कापायला घेणार. तोवर ही फळी धड असेल तर होडी तुमची. नाहीतर होडीच्या सगळ्या फळ्या कपाटांना. आणि मुंगी, आता गोंदाला तू हात नको लावूस. दादाला करू दे."

ते गेले. मुंगी भुशात बसली. डोळे भरून आले होते, पण रडायला तिच्याकडे वेळ नव्हता.

"झाकण!" ती एकदम म्हणाली. "झाकण आण रे, शेपटा!"

झाकणातला गोंद तिने नखाने दाबला. काचेसारखा कडक! मग तिने त्यावर पटाशीचं टोक दाबलं. ओरखडासुद्धा उठला नाही.

"म्हणजे माप बरोबर होतं!" दादा म्हणाला. "हा त्याच वाटीतला गोंद ना?"

"त्याच वाटीतला. आणि आज सकाळी आठला मी बघितलं होतं, तेव्हा यात नख रुतत होतं. म्हणजे सकाळपर्यंत हा कच्चा असतो." मुंगीने एक क्लॅम्प उचलून उजेडात धरला. "आणि हे काय?"

क्लॅम्पच्या जबड्यावर एक थेंब वाळला होता. पांढरा.

"आपला गोंद मधाच्या रंगाचा आहे," मुंगी सावकाश म्हणाली. "क्लॅम्प मी काल स्वतः पुसून लावले. मग पांढरा गोंद आला कुठून?"

रेडिओ उडी मारून उभा राहिला. "कोणीतरी आपले क्लॅम्प काढतंय! आणि परत लावून ठेवतंय! मला माहितीय कोण! पॉलिशवाले काका! बघितलं ना, कसे दात काढत होते? ते पहिल्यापासून आपल्या होडीला पाण्यात बघतायत!"

"होडीला पाण्यातच बघायचं असतं," दादा म्हणाला. "पण काका पांढरा गोंद कशाला वापरतील? त्यांच्याकडे नुसती लाख आणि स्पिरिट."

"मुद्दाम! आपल्याला चकवायला!"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला!" मुंगी म्हणाली. "आधी खरंच कोणी काढतं का ते बघू. आज गोंद लावायचाच नाही. नुसते ठोकळे आणि क्लॅम्प लावायचे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपण चिकटवलंय."

चौघांनी तसंच केलं. शिवाय मुंगीने प्रत्येक क्लॅम्पच्या बाजूने ठोकळ्यावर पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढली. जवळून बघितल्याशिवाय दिसणार नाही, इतकी बारीक.

गुरुवारी सकाळी आठला कारखान्याचं दार उघडलं, तेव्हा क्लॅम्प दिमाखात जागेवर होते. मुंगी गुडघ्यांवर बसली. पहिली रेघ क्लॅम्पपासून बोटभर लांब. दुसरी क्लॅम्पच्या खालीच गेलेली. तिसरा क्लॅम्प तर उलटा लावलेला!

"आठच्या आधी कोणीतरी येतं," ती कुजबुजली.

आता त्या कोणाला तरी बघायचं होतं. मामींचा नियम पक्का होता: कोणीही न सांगता घराबाहेर पडायचं नाही. म्हणून मुंगीने रात्री जेवतानाच विचारून ठेवलं, "मामी, उद्या सहाला आम्ही कारखान्यात जाऊ? होडीचं काम आहे."

"सहाला? शाळा असली की सातला उठवताना माझा घसा बसतो!" मामी म्हणाल्या. "जा. पण चपला घालून. तिथे खिळे असतात. आणि करवतीच्या बाजूला कोणीही फिरकायचं नाही. शेपटाचा हात धरून ठेवा."

शुक्रवारी सहाला चौघं भिंतीला टेकवलेल्या प्लायवुडच्या मागे दाटीवाटीने बसली. अंधुक उजेड होता. रेडिओने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला होता, कारण त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता. साडेसहाला बाहेर पावलं वाजली. शेपटाच्या नाकात भुसा गेला. त्याने नाक वर केलं, डोळे मिटले... मुंगीने त्याचं नाक चिमटीत पकडलं. शिंक आतल्या आत जिरली.

दार उघडलं. आधी चहाचा कप दिसला, मग हात, मग कानामागची पेन्सिल.

मामा!

मामा गुणगुणत होडीजवळ आले. चारही क्लॅम्प सोडून त्यांनी बाजूला घेतले. मग एका खुर्चीच्या पायांना पांढरा गोंद लावला, पाय जोडले, तेच क्लॅम्प त्यावर आवळले आणि चहा पीत पेपर वाचत बसले. साडेसातला क्लॅम्प खुर्चीवरून काढून पुन्हा होडीला लावले. अगदी नीट! वर एका क्लॅम्पला फडकं मारून पुसलंसुद्धा. आणि नाश्त्याला घरात निघून गेले.

रेडिओने तोंडावरचा हात काढला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! चला, आत्ताच्या आत्ता मामांना जाऊन सांगू!"

"सांगू नको," मुंगी म्हणाली.

"का?"

"मामा काय म्हणतील माहितीय? 'तीस वर्षं सुतारकाम करतोय. रात्रभरात गोंद धरतो. मला शिकवू नका.' त्यांचा पांढरा गोंद तासाभरात धरतो, म्हणून त्यांना वाटतं सगळेच धरतात. आपला बारा तासांनी अजून कच्चा असतो. तेवढ्यात क्लॅम्प सुटला की वाकवलेली फळी ताणते आणि आतला जोड सुटतो. मग क्लॅम्प परत लावून काय उपयोग? वरून मिटलेलं, आतून सुटलेलं."

"मग करायचं काय? उद्या संध्याकाळी ते करवत घेऊन येणार!" दादा म्हणाला.

मुंगीने भिंतीवरच्या स्क्रूच्या डब्याकडे बोट केलं. "क्लॅम्प लावायचेच नाहीत. ठोकळे स्क्रूने आवळायचे, थेट फळीतून. स्क्रू कोणी खुर्चीसाठी काढून नेणार नाही! नंतर भोकं बुजवता येतील. आणि दादा, मामांनी तुला गोंद मिसळायला सांगितलंय."

"हो. म्हणून मी मिसळणार," दादा गंभीरपणे म्हणाला, "आणि तू मला एक एक गोष्ट सांगणार. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

नऊ वाजेपर्यंत भेग तिसऱ्यांदा चिकटली आणि आठ स्क्रूंखाली घट्ट बसली. क्लॅम्प मुलांनी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगून ठेवले.

पण मुंगीचं काम संपलं नव्हतं. तिने प्लायवुडच्या कचऱ्यातून दोन सारख्या पट्ट्या निवडल्या. दोन्ही मधोमध मोडल्या आणि त्याच वाटीतल्या गोंदाने जोडल्या. पट्ट्या रेडिओच्या घरी, त्याच्या पलंगाखाली गेल्या. प्रत्येकीवर दोन दोन विटा.

"रात्री नऊला पहिल्या पट्टीवरच्या विटा काढायच्या, ती एकदा वाकवायची आणि विटा परत ठेवायच्या," मुंगीने बजावलं. "दुसरीला हात लावायचा नाही. लक्षात राहील?"

"राहील! फक्त आईला काय सांगू? तिने पलंगाखाली झाडलं तर?"

"खरं ते सांग. तू सांगायला लागलास की ती अर्ध्यातच 'बरं बरं' म्हणते."

शनिवारी संध्याकाळी सहाला मामा मोजपट्टी आणि करवत घेऊन हजर झाले. मागे पॉलिशवाले काका होते, आणि काय होतंय ते बघायला मामीही.

"काय? झाली का फळी?" मामा म्हणाले. "आणि हे स्क्रू कशाला ठोकलेत?"

"सांगते. आधी एक काम कराल, मामा?" मुंगीने दोन्ही पट्ट्या पुढे केल्या. "या जोडावर मोडून दाखवा."

"हात्तिच्या!" मामांनी पहिली पट्टी घेतली आणि दोन्ही हातांनी वाकवली. टक्! जोड होता तिथेच, बिस्किटासारखी तुटली. "ही बघ. हेच सांगत होतो मी!"

"आता दुसरी."

मामांनी दुसरी वाकवली. ती वाकली आणि पुन्हा सरळ झाली. त्यांनी जोर लावला. काही नाही. मग गुडघ्यावर ठेवून दाबली. चेहरा लाल झाला, पेन्सिल कानामागून खाली पडली आणि शेवटी काड्! पट्टी तुटली, पण जोडावर नाही. जोडापासून दोन बोटं लांब.

मामांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. "अरे! लाकूड तुटलं, गोंद नाही सुटला! हा कुठला गोंद?"

"तोच. दोन्ही पट्ट्यांना एकाच वाटीतला."

"शक्य नाही."

"फरक एवढाच, की पहिलीवरचं वजन बारा तासांनी काढलं, एकदा वाकवली आणि वजन परत होतं तसं ठेवलं."

"बारा तासांनी?" मामा उसळले. "बारा तासांनी काढायला सांगितलं कोणी? कच्चा जोड हलवायचा नसतो एवढंही कळत नाही? कोण हा शहाणा?"

दादा छताकडे बघायला लागला. रेडिओने आयुष्यात पहिल्यांदा मिठाची गुळणी धरली.

"बाबा, तुम्ही!" शेपूट आनंदाने ओरडला. "साडेसहाला! खुर्चीसाठी! आम्ही बघितलं, चहाचा कप घेऊन!"

मामांनी खुर्चीकडे बघितलं, मग खिळ्यांवरच्या क्लॅम्पकडे, मग हातातल्या तुकड्यांकडे.

"पण मी परत लावून ठेवत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "होते तस्से."

"म्हणूनच तर आम्हाला कळत नव्हतं," मुंगी म्हणाली.

पॉलिशवाले काका इतके हसले, इतके हसले, की त्यांना कपाटाचा आधार घ्यावा लागला. "तीस वर्षांचा कारागीर! आणि पोरांनी कच्चा जोड ओळखायला शिकवलं!"

"तुम्ही हसू नका," मामी म्हणाल्या. "यांना काल मी कुकर उतरवायला सांगितला, तर वाफ जायच्या आत झाकण काढायला निघाले होते. घाई यांच्या हाडातच आहे."

मामांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर उचलला, पण आधी मुंगीकडे बघून विचारलं, "काढू का आता?"

"तेहतीस तास झाले. काढा."

आठ स्क्रू निघाले. ठोकळे निघाले. प्लॅस्टिक सोलून निघालं. मामांनी फळीवर तळहात ठेवला आणि दाबला. मग मुठीने ठोकलं. मग होडीत एक गुडघा टेकून, अंगाचा भार टाकून फळी बाहेर ढकलली.

फळी गप्प! मधाच्या रंगाची वीतभर रेघ तेवढी दिसत होती.

मामांनी करवत उचलली. शेपूट किंचाळला, पण मामांनी ती फक्त भिंतीला टांगली. "कपाटांच्या पाठी मी दुकानातून नव्या आणतो." मग ते मुंगीसमोर उकिडवे बसले, तिच्या उंचीला. "दोन्ही वेळा चूक माझी होती आणि बोलणी तू खाल्लीस. असं व्हायला नको होतं. आता या भेगेला आतून एक पट्टी चिकटवून जोर द्यायचा. गोंद तू मिसळ. मी काय करू?"

"पट्टी कापून द्या. आणि चिकटवल्यावर..."

"हात लावत नाही. चोवीस तास?"

"रात्री गार होतं. तीस धरा."

"तीस," मामा म्हणाले, आणि खडूने दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

शेवटच्या रविवारी होडी निळी होऊन तळ्याकाठी आली. मामींनी चौघांची लाइफ जॅकेटं स्वतः ओढून ओढून तपासली आणि पहिली फेरी काठाकाठानेच, गुडघाभर पाण्यातून झाली. मामा पाण्यात उतरून बाजूने चालत होते. दर चार पावलांनी ते होडीत वाकून नाकाजवळची आतली पट्टी बोटाने चाचपत. बोट दर वेळी कोरडं निघे.

दादाने वल्हं मारलं. रेडिओ वाऱ्याची दिशा, पाण्याची खोली आणि माशांच्या जाती सांगत होता आणि आज त्याला कोणीच बंद करत नव्हतं.

काठावर गळ टाकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ कौतुकाने बघत होते. मामांच्या कपड्यांवरचा भुसा बघून ते म्हणाले, "फार सुरेख होडी! तुम्ही केली वाटतं?"

"मी?" मामा पाण्यात उभे राहून म्हणाले. "मी तर ती दोनदा मोडली. केली ती या पोरांनी. आणि ती समोर बसलीय ना, सगळ्यांत लहानखुरी? काही तुटलं-फुटलं असेल, तर तिच्याकडे घेऊन या. मात्र घाई असेल, तर येऊ नका!"